बापूंचा गळा

यंत्राच्या नळकांड्यात डोकं घालून सुलक्षणा पडली होती. कानातला आवाज तिला सांगत होता, "आता 'आ' म्हणा. लांबवा. आता 'ई'. आता 'स्वातंत्र्य'."

"परत?"

"परत. जीभ हलू दे, मान नको."

सकाळपासून तिनं हा शब्द इतक्या वेळा म्हटला होता, की त्यात अर्थ काही उरला नव्हता. बाहेर आल्यावर पडद्यावर तिला स्वतःचा गळा दिसला. करड्या रंगाची एक वाकडी बोगद्यासारखी जागा, वर टाळूची कमान, खाली जिभेचा लठ्ठ उंचवटा. शेजारच्या चौकटीत तिच्या वडिलांचा गळा होता. ते कालच येऊन गेले होते.

"टाळू बघा," डॉ. नसीमा बागवान म्हणाल्या. "हुबेहूब. ही कमान तुमच्या घरातली आहे."

सुलक्षणाला का कोण जाणे, अभिमान वाटला.

सुलक्षणा इंगवले चोपन्न वर्षांची. कोळवड्याच्या दूध संघात ती प्रयोगशाळा सांभाळायची. तिची खरी ओळख मात्र दुसरीच होती. कुठंही गेली की लोक म्हणायचे, "ही दौलतबापूंची नात." बेचाळीसच्या क्रांतीत वारणाकाठच्या गावांतून एक गुप्त रेडिओ चालायचा, 'मुक्तवाणी'. कधी उसाच्या फडातून, कधी डोंगरातल्या कपारीतून संध्याकाळी एक आवाज यायचा आणि ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर गाव गोळा व्हायचं. पुढच्या हिवाळ्यात पोलिसांनी एका गुऱ्हाळावर धाड घातली. ट्रान्समीटर सापडला आणि त्याच्याजवळ बसलेले दौलतराव इंगवले सापडले. चौकीत त्यांच्या गळ्यावर बूट ठेवून विचारपूस झाली. त्यानंतर मरेपर्यंत बापू फक्त कुजबुजत बोलले. कोळवड्याच्या चौकात त्यांचा पुतळा होता, हात उंचावलेला, तोंड उघडं. खाली लिहिलं होतं, 'मुक्तवाणीचा आवाज'.

तो आवाज जिवंत माणसांपैकी कुणीच ऐकला नव्हता. पण सरकारच्या एका टेहळणी केंद्रानं त्या काळी मुक्तवाणीची भाषणं तबकड्यांवर टिपून ठेवली होती. त्या तबकड्या परदेशातल्या एका गोदामात निघाल्या आणि सांगलीच्या 'बेचाळीस क्रांतिसंग्रहा'त त्यांची प्रत आली. क्रांतीचे फोटो, पत्रकं, हजारो मुलाखती, सगळं त्या डिजिटल संग्रहात होतं. आता त्यात आवाजही आला. तो ऐकायला मात्र येत नव्हता. खरखर, शिट्ट्या, आणि मधूनच पाण्याखालून बोलल्यासारखे दोन शब्द.

संग्रहातल्या ध्वनितज्ज्ञ नसीमा बागवान यांनी त्यावर उपाय काढला होता. सुलक्षणाला त्यांनी तो असा समजावला होता: स्वरतंतूंतून निघते ती नुसती थरथर. तिचा माणसाचा आवाज होतो तो वरच्या पोकळीमुळे, म्हणजे घसा, टाळू, जीभ आणि नाकामागच्या जागेमुळे. प्रत्येकाची पोकळी वेगळी, म्हणून आवाज वेगळा. मग उलटं गणित मांडायचं. आवाजावरून पोकळीचा आकार काढायचा, आणि आकार कळला की खरखरीत बुडालेले शब्द त्या आकारातून पुन्हा घडवायचे. अडचण एवढीच, की अर्धवट आवाजाला अनेक आकार जुळतात. पण हा आकार बराचसा रक्तातून येतो. मुलाच्या, नातीच्या गळ्याचे नकाशे आणि त्यांचे जनुक हाताशी असले, की यंत्र चुकीचे आकार भराभर छाटून टाकतं.

नऊ ऑगस्टला क्रांतीची शताब्दी होती. त्या दिवशी कोळवड्यात सर्वांसमोर बापूंचा आवाज शंभर वर्षांनी ऐकवायचा होता.

*

पंधरवड्याच्या आतच नसीमा बागवान स्वतः गाडी घेऊन दूध संघात आल्या. सुलक्षणा टँकरच्या दुधाचे नमुने तपासत होती. डॉक्टरांचा चेहरा बघून तिनं हातमोजे काढले.

"फोनवर सांगता आलं नसतं," नसीमा म्हणाल्या. "सुलक्षणाताई, जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"गळा. तबकडीवरच्या माणसाचा आणि तुमच्या घरातला. मी प्रयोग म्हणून तुमच्या घरचा आकार घालून भाषण घडवून बघितलं. शब्द लागतात, पण यंत्र सारखं कुरकुर करतं. तो माणूस तुमच्या रक्ताचा वाटत नाही."

सुलक्षणा हसली. मग थांबली. "यंत्र चुकलं असेल."

"मलाही तेच वाटलं. ज्यांचे आजोबा, वडील, नातवंडं असे सगळ्यांचे आवाज आहेत, अशा कितीतरी घरांवर पुन्हा तपासलं. तिथं बरोबर येतं."

"मग?"

नसीमांनी खुर्ची ओढली. त्या सरळ बोलणाऱ्या बाई होत्या, पण आता शब्द निवडत होत्या. "दोन शक्यता. एक, तबकडीवरचा आवाज दौलतरावांचा नाही."

"आणि दुसरी?"

विचारता विचारताच दुसरी शक्यता काय ते सुलक्षणाला आपोआप कळलं आणि तिच्या कानशिलांत ऊन भरल्यासारखं झालं. आवाज बापूंचाच असेल, तर मग आबा, तिचे वडील, बापूंचे नाहीत.

"हे तुम्ही अजून कुणाला..."

"कुणालाच नाही. पण नऊ तारखेला मी खोटं बोलणार नाही. आवाज ऐकवीन, नाव घेणार नाही. दरम्यान दुसरी शक्यता तपासणं सोपं आहे. दौलतरावांच्या बहिणीच्या घरातलं कुणी असेल, तर त्यांची लाळ आणि तुमची. साधी चाचणी. करायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

जाताना त्यांनी प्रयोगासाठी केलेलं ते भाषण तिच्या फोनवर पाठवलं. सुलक्षणानं ते उघडलं नाही.

*

घरी आबा भाषणाची तयारी करत होते. जयसिंगराव इंगवले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आवाज एवढा खणखणीत होता, की शाळेत त्यांनी कधी माइक वापरला नाही. कुजबुजणाऱ्या बापाच्या घरात वाढलेला मुलगा मोठ्यानंच बोलायला शिकतो, असं ते स्वतः म्हणायचे.

"ऐक गं," ते म्हणाले. "'माझ्या वडिलांनी आपला आवाज देशाला दिला आणि स्वतःसाठी काहीच ठेवलं नाही.' कसं वाटतंय?"

"चांगलंय."

"नुसतं चांगलंय? तोंड का उतरलंय तुझं?"

"संघात त्रास झाला. एका टँकरचं दूध नासलं."

हे खोटं होतं. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. हे नाक कुणाचं? हे मोठे कान? भिंतीवरच्या फोटोतल्या बापूंना फेटा होता, त्यामुळे कान दिसतच नव्हते. आपण आपल्या बापाकडे एखाद्या नमुन्यासारखं बघतोय हे लक्षात आलं आणि ती आत जाऊन उगाच भांडी लावत बसली.

तिला स्वतःचंच कळेना. कुठली शक्यता खरी ठरावी असं आपल्याला वाटतंय? पहिली खरी ठरली, तर चौकातला पुतळा खोटा. दुसरी खरी ठरली, तर हा फोटोच परका. काहीच न तपासता सोडून द्यावं, तर आता आबांकडे सरळ नजरेनं बघता येत नव्हतं.

*

बापूंच्या बहिणीचा नातू धैर्यशील कराडजवळ ट्रकच्या बॉड्या बांधायचा. दोन घरांचं येणंजाणं लग्नकार्यापुरतं. सुलक्षणानं त्याला सगळं सांगितलं. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून तो ऐकत राहिला.

"म्हणजे तू आबामामांचं रक्त तपासायला आलीयास," तो शेवटी म्हणाला.

"दादा, असं म्हणू नकोस."

"मग कसं म्हणू? शंभर वर्षं झाली, अक्का. सगळी माणसं गेली. आता त्यांच्या अंथरुणात वाकून बघायचं?"

सुलक्षणानं लाळेसाठी आणलेली नळी परत पिशवीत ठेवली. जायला उठली तेव्हा तोच म्हणाला, "बस. चहा घे." आणि चहा घेता घेता म्हणाला, "एक सांगू? आमची आजी म्हणायची, दौलू लहानपणी तोतरा होता. 'पाणी' म्हणायला दम लागायचा त्याला. आम्ही म्हणायचो, म्हातारीला भ्रम झालाय. असल्या भाषणं करणाऱ्या माणसाला तोतरा म्हणतीय."

"मग तो आवाज त्यांचा नसेलच!"

"तसंच काही न्हाई. आमचा फोरमन तोतरा हाय. भजनाला बसला की एक अक्षर अडत न्हाई त्याचं." त्यानं कप खाली ठेवला. "आण ती नळी. थुंकतो. काय निघंल ते मात्र मला कळवू नको."

निकाल आला. नसीमांनी एका वाक्यात सांगितलं: सुलक्षणा आणि धैर्यशील एकाच रक्ताचे, नातं जेवढं असायला हवं तेवढंच. आबा बापूंचे होते.

सुलक्षणा संघाच्या मागच्या पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. आबा बापूंचेच म्हणून सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी कुणीतरी खिशातून काहीतरी काढून नेल्यासारखंही. कारण आता एकच शक्यता उरली होती.

*

तिनं आबांना दुपारी सांगितलं, जेवण झाल्यावर. एका दमात. चाचणीचंही सांगितलं.

आबा आधी चाचणीवरच भडकले. "माझ्या आईवर संशय घेतलास? तू?" घर दणाणलं. मग यंत्राला शिव्या झाल्या, डॉक्टरांना झाल्या, शताब्दी समितीला झाल्या. मग ते एकदम थकले आणि खाटेवर टेकले.

"ऐकव," ते म्हणाले.

"काय?"

"ते जे काय निघालंय ते. पुतळा पाडायच्या आधी ऐकू तरी दे."

सुलक्षणानं फोन मध्ये ठेवला. तीही पहिल्यांदाच ऐकत होती. आधी वाऱ्यासारखी खरखर. मग एक पुरुषी आवाज, घाई नसलेला, स्वच्छ. "वारणाकाठच्या बंधूंनो आणि भगिनींनो, आज संध्याकाळी आपण पुन्हा भेटतो आहोत..." बाजारभाव सांगावा तशा शांतपणे तो कुठला पूल पडला, कुणाला पकडलं, कुठल्या कुटुंबाला धान्य पोचवायचं आहे ते सांगत गेला.

आबा निश्चल बसले होते. भाषण संपलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा गोंधळलेला झाला होता.

"सुलू," ते म्हणाले, "हे तर जिनगरकाका."

"कोण?"

"लक्ष्मण जिनगर. मिरजेकडचे. तू नाही पाहिलंस. एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवायचे. कंपनी मोडली, मग कुठंतरी पेढीवर लिहायला लागले. दर दिवाळीला आमच्याकडं यायचे. चार दिवस राहायचे. बापूंच्या शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. मला कळायचं नाही, बापूंना वाचता येतंय, डोळे चांगले आहेत, मग हे का वाचून दाखवतात? एकदा विचारलं मी. बापू कुजबुजले, 'ऐकू दे रे.' एवढंच."

"त्यांनी कधी सांगितलं नाही? की आवाज माझा होता म्हणून?"

"कधीच नाही. बापू गेले तेव्हा आले होते. नंतर आले नाहीत. लग्न केलं नव्हतं. भाऊबहीण असल्याचं ऐकलं नाही."

सुलक्षणाच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी येत गेल्या आणि शेवटी राग आला. "मग तेव्हा ते का बोलले नाहीत, आबा? बापूंच्या गळ्यावर बूट होता, आणि हा माणूस मोकळा! एकदा जरी रेडिओवर बोलला असता, तरी पोलिसांना कळलं असतं की आपण भलत्याच माणसाला धरलंय!"

"ट्रान्समीटर जप्त झाला होता."

"मग चौकीत जाऊन सांगायचं."

"फासावर गेले असते."

"आणि बापूंचं जे झालं ते?"

आबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, तिला समजलं नाही. "मला काय माहीत, पोरी? ते यायचे. वाचायचे. दोघं रडलेले मी कधी बघितले नाहीत. हसलेले मात्र बघितलेत."

*

नसीमा बागवान यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आबा, एक अडचण आहे. तुम्ही जे ऐकलंत ते निम्मं मी घडवलेलं आहे. तबकडीत जिथं खड्डे होते तिथं तुमच्याच घरचा गळा वापरून ते भरलेत. तुम्हाला ओळखीचं वाटलं ते कदाचित तुमच्या घरचंच असेल."

"म्हणजे मी माझाच आवाज ओळखला?"

"असू शकतं. मूळ तबकडी ऐकाल का? काही न भरलेली?"

ती ऐकणं म्हणजे पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकणं. सुलक्षणाला एक शब्द लागला नाही. आबा डोळे मिटून बसले. मधेच त्यांनी बोट वर केलं. "इथं. परत लावा." नसीमांनी परत लावलं. "वाक्याच्या आधी जीभ टाळ्याला लावून श्वास घेतात. च्च. ऐकलंत? प्रॉम्प्टरची सवय. नटाला कळावं म्हणून आधी तो आवाज करायचे. ते स्वतः सांगायचे मला."

नसीमांनी आलेख मोठा केला. तिथं खरंच काहीतरी होतं, एक बारीक टोक. तसली टोकं खरखरीतही ठिकठिकाणी होती.

"मी हे सिद्ध करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "जिनगरांचा गळा नाही, वारस नाही, दुसरं ध्वनिमुद्रण नाही. तुम्ही सांगता ते खोटं आहे असंही मी म्हणू शकत नाही."

"मग आहे काय तुमच्या हातात?" आबांनी विचारलं.

"तेच सांगतेय," नसीमा म्हणाल्या. "काही नाही."

*

नऊ ऑगस्टला बाजार समितीच्या मैदानावर मांडव भरला होता. शताब्दी समितीचे अध्यक्ष मानसिंगभाऊ यांना यंत्राची कुरकुर सांगितली होती. ते म्हणाले होते, "ते विद्वानांचं विद्वान बघतील. आपला कार्यक्रम ठरल्याप्रमाणं." ठरलं होतं ते एवढंच: यंत्रानं घडवलेला तो आवाज ऐकवायचा, नाव न घेता, आणि मग आबांनी आभाराचे दोन शब्द बोलायचे. ते काय बोलणार आहेत ते सुलक्षणालाही माहीत नव्हतं.

आवाज सुरू झाला आणि मांडव चिडीचूप झाला. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. भाषण संपलं. मग आबा उठले. माइक बाजूला सारला.

"हा आवाज माझ्या वडिलांचा नाही," ते म्हणाले.

पुढच्या रांगांत टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हा आवाज आता एका घरचा नाही, देशाचा आहे, असं काहीतरी ते म्हणणार. कुणीतरी ओरडलं, "दौलतबापू!" मांडवानं उत्तर दिलं, "अमर रहे!"

"अरे ऐका!" आबा शाळेत ओरडायचे तसे ओरडले. "मी सरळ सांगतोय. हे बोलणारे माझे वडील नव्हेत. माझ्या आठवणीप्रमाणं हे लक्ष्मण जिनगर नावाचे गृहस्थ होते. यंत्राला ते सांगता येत नाही. मला येतं. माझी आठवण चुकत असेल, तर तीही चूक माझी."

मांडवात कुजबुज झाली, मग गलका. मानसिंगभाऊंनी खूण केली आणि वाद्यवृंदानं घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे ताठ उभे राहिले आणि एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघत राहिले.

दुपारी कॉलेजात अभ्यासकांचा परिसंवाद होता. तिथं गलका नव्हता, पण त्याहून अवघड प्रश्न होते. प्रा. विश्राम लोंढे यांनी मुक्तवाणीवर आयुष्यभर संशोधन केलं होतं. ते उभे राहिले.

"जयसिंगराव, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारतो. तुम्ही म्हणता ते खरं धरलं, तर तुमचे वडील काय होते?"

आबा खुर्चीवरूनच बोलले. "ते रेडिओ गावोगाव हलवायचे. कोण बोलतंय ते त्यांना माहीत होतं. गळ्यावर पाय पडला तरी त्यांनी ते सांगितलं नाही."

"याला पुरावा?"

"नाही."

"जिनगरांना वाचवण्यासाठीच ते गप्प राहिले, हे तुम्हाला कसं कळलं? कदाचित त्यांनाही बोलणाऱ्याचं नाव माहीत नसेल. भूमिगतांत तशी पद्धत होती."

सुलक्षणाला वाटलं, आता आबा भडकतील. ते म्हणाले, "हो. तसंही असेल."



*

नंतरचे महिने विचित्र गेले. क्रांतिसंग्रहाबाहेर रांगा लागल्या. वारणाकाठच्या घराघरांतून लोक गळे तपासून घ्यायला आले. आमचे पणजोबाही भूमिगत होते, त्यांचाही आवाज मोठा होता, बघा जुळतोय का. मिरजेकडच्या जिनगरांची चार घरं आली, पण लक्ष्मण आपला नेमका कोण लागतो ते एकालाही सांगता आलं नाही, आणि यंत्रानं चौघांनाही 'कदाचित' असं उत्तर दिलं. दोन घरांत त्यावरून भांडण लागलं. संग्रहात त्या ध्वनिमुद्रणापुढं लिहिलं गेलं, 'वक्ता: अनिश्चित', आणि खाली आबांचं म्हणणं आणि प्रा. लोंढे यांचा आक्षेप शेजारी शेजारी ठेवले गेले. पुतळा तसाच राहिला. कुणी पाडला नाही, कुणी खालची ओळ बदलली नाही. "ही दौलतबापूंची नात," असं कुणी म्हटलं की सुलक्षणा मान हलवायची. पण आता ती कशाला हो म्हणत होती, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

कार्तिकात नसीमा बागवान आबांच्या मुलाखतीसाठी घरी आल्या. शताब्दी संपली होती, घाई नव्हती. आबा तासभर बोलले. बापूंना मिरचीचा ठेचा आवडायचा, ते बैलांशी हातवारे करून बोलायचे, रागावले की पाटीवर लिहायचे आणि मग पुसून टाकायचे.

"आणि बोलायचे कसे?" नसीमांनी विचारलं.

"कुजबुजून. सांगितलं ना."

"करून दाखवा ना."

आबा हसले. "मी? मला हळू बोलायला कुठं येतंय?"

"तरी बघा," नसीमा म्हणाल्या, आणि मग सुलक्षणाकडे वळल्या. "कुजबुजताना स्वरतंतू हलतच नाहीत. नुसता श्वास, आणि वरची पोकळी. दौलतरावांच्या ज्या जागेला इजा झाली, ती त्यात लागतच नाही. वारशानं आलेलं असतं तेवढंच लागतं. मी एवढी यंत्रं लावली, पण तुमच्या आजोबांच्या सर्वांत जवळचं जे काही आज शिल्लक असेल, ते यांच्या कुजबुजण्यात असेल."

आबांचं हसू गेलं. त्यांनी पाठ सरळ केली, तोंड मिटलं, आणि कुठंतरी लांब बघत राहिले. ते काहीतरी आठवत होते. सगळ्या आयुष्यात सुलक्षणानं त्यांना इतकं शांत बघितलं नव्हतं.

मग ओठ अगदी थोडे हलले.

"दार लोट, बाळ. धूळ येतीय."

तो श्वास होता, थोडा खरखरीत, थोडा मायेचा, शेवटच्या शब्दाला किंचित अडखळलेला. आबांचा तो नव्हता. सुलक्षणानं हा माणूस कधी पाहिला नव्हता. तो तिच्या जन्माच्या कितीतरी आधी गेला होता.

ती उठली. दार उघडंच होतं. तिनं ते हलकेच लोटून घेतलं.